वासाचं गाव

मी ओढणी नाकाला लावली. एवढंच झालं, पण ते अजून मनातून जात नाही.

ग्रीसमधल्या पिरेयस बंदरातून सकाळी सुटलेली बोट एजिना बेटाला थांबून मेथानाच्या धक्क्याला लागली, तेव्हा दुपार व्हायची होती. ऑक्टोबरचं ऊन, पाणी अगदी शांत, धक्क्यावर पाच-सात माणसं. ज्यांच्याकडे खोली घेतली होती त्या बाई स्वतः उतरून घ्यायला आल्या होत्या. सत्तरीच्या असाव्यात. अंगात काळं विणलेलं जाकीट, पायात घरातल्याच सपाता. त्यांचं इंग्रजी दहा-वीस शब्दांचं, माझं ग्रीक ‘कालिमेरा’ आणि ‘एफ्हारिस्तो’ एवढंच. माझी बॅग त्यांनी जवळजवळ ओढूनच घेतली आणि समुद्राच्या कडेकडेने आम्ही दक्षिणेला चालू लागलो. शे-दोनशे पावलं गेलो असू, नि समोरून वास आला. सडक्या अंड्याचा, काडी ओढल्यावर येतो तसा, आणि त्यात ओला चुना मिसळल्यासारखा. डावीकडे धक्क्याच्या कोपऱ्यात समुद्राचा निळा रंग एकदम गढुळला होता. निळीच्या पाण्यात दूध सांडावं तसं पाणी दिसत होतं. माझा हात आपसूक वर गेला आणि ओढणीचं टोक नाकाशी आलं. बाईंनी ते पाहिलं. त्या थांबल्या, बॅग खाली ठेवली, पाण्याकडे हात केला आणि म्हणाल्या, “सॉरी.”

कुणाचा धक्का लागला, चहाला उशीर झाला की आपण म्हणतो तसलं ते सॉरी नव्हतं. आवाज खाली गेला होता, मान किंचित झुकली होती. आपल्या गावाबद्दल, जमिनीखालून येणाऱ्या पाण्याबद्दल, कुणीतरी माझी माफी मागत होतं. मी ओढणी झटकन खाली घेतली, ‘नो, नो’ म्हणाले, हसलेसुद्धा. पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते सॉरी माझ्या ओळखीचं होतं.

माझं माहेर दापोली तालुक्यातलं, उन्हवऱ्याच्या अलीकडचं. उन्हवरं म्हणजे गरम पाण्याची कुंडं, आणि कुंडं म्हणजे गंधकाचा वास. आमच्या लहानपणी खरूज, नायटा, संधिवात असलं काहीही झालं की लांबलांबून माणसं एसटीने तिथे यायची. बायकांचं कुंड वेगळं, पुरुषांचं वेगळं. जिथे पाणी वर येतं तिथे हात धरवत नाही इतकं ते कढत. ते निवत निवत कुंडात यायचं. आजी थंडीत महिन्यातून एकदा आम्हा पोरींना तिथे न्यायची. अंग लालबुंद होईस्तोवर बसवून ठेवायची, वर केसांतून ते पाणी ओतायची. घरी येताना आमच्या परकर-पोलक्यांना, केसांना, हातातल्या ओल्या पंचाला तोच वास. आम्हाला तो वास येतच नसे. आपल्या घराचा वास आपल्याला कुठे येतो?

तो पहिल्यांदा आला तो मे महिन्यात, आत्तेची मुलं मुंबईहून आली तेव्हा. एसटीतून उतरल्या उतरल्या त्यांनी नाकं दाबली. “शी! काय वास मारतोय इथे!” आणि माझी आई, जी कुणाचं ऐकून घेणारी नव्हे, ती पदराला हात पुसत पुढे झाली आणि हलक्या आवाजात म्हणाली, “येतो हो थोडा वास. सवय होते दोन दिवसांत.” मला वाटतं त्या दिवशी माझ्या आत काहीतरी आवळलं गेलं. पुढे पुण्याला हॉस्टेलवर कुणी गाव विचारलं की मी ‘दापोली’ सांगायचे. दापोली म्हटलं की लोकांना गार हवा आठवते. उन्हवऱ्याचं नाव मी चार वर्षांत एकदाही तोंडातून काढलं नाही.

मेथानानेही तेच केलंय, हे मला तिथे गेल्यावर कळलं.

या बंदराचं जुनं नाव व्रोमोलिम्नी. अर्थ अगदी सरळ: घाण वासाचं तळं. समुद्राच्या कडेला गंधकाच्या पाण्याचं तळं, म्हणून हे नाव. पुढे स्नानगृहं उभी राहिली, हवापालटाला माणसं येऊ लागली, आणि नकाशावरून व्रोमोलिम्नी जाऊन प्राचीन काळचं भारदस्त मेथाना आलं. म्हातारी माणसं अजून मधूनच जुनं नाव घेतात म्हणे. त्याही आधी, इजिप्तच्या टॉलेमी राजांचं आरमार इथे तळ देऊन होतं तेव्हा, त्यांच्या राणीच्या नावावरून या जागेला आर्सिनोई म्हणत. जमिनीच्या एका अरुंद चिंचोळ्या पट्टीने पेलोपोनीजला, म्हणजे ग्रीसच्या दक्षिणेकडच्या मोठ्या भूभागाला, जेमतेम चिकटलेलं हे द्वीपकल्प. ती पट्टी अडवली की सगळं हातात. म्हणून इ.स.पू. 425मध्ये अथेन्सवाल्यांनी तिथे भिंत घातली, आणि ग्रीसच्या स्वातंत्र्ययुद्धात 1826-27च्या सुमाराला फाबव्हिए नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने तिथेच छावणी टाकून कवायती फौज तयार केली. एवढ्या लोकांनी ही जागा पारखली, घेतली, बांधली, तिची नावं बदलली. वास मात्र जिथल्या तिथे राहिला.

मी इथे आले ती लेकीमुळे. ती दगडांचा अभ्यास करते. अथेन्सला तिची आठवड्याची कार्यशाळा होती आणि मी सोबत गेले होते. सँटोरिनीला जावं असं माझ्या मनात होतं. पांढरी घरं आणि निळे घुमट चित्रात पाहून पाहून पाठ झालेले. ती म्हणाली, “आई, ज्वालामुखीच बघायचाय ना? मग मेथानाला जा. तिथे गर्दी नसते, आणि तिथे तुला ओळखीचं काहीतरी भेटेल.” काय भेटेल ते तिने सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने तीही आली. मी धक्क्यावर उभी होते. उतरताच तिने छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाली, “अय्या, आजीचं गाव!” तिला मुद्दाम नाक मोकळं ठेवावं लागलं नाही. तिने ते गाव सुट्टीत येणाऱ्या नातीच्या नजरेने पाहिलंय, तिला त्याची लाज कधी शिकवलीच गेली नाही. मला तिचा हेवा वाटला.

गावाच्या मागे डोंगर उभेच आहेत, पण खरी भट्टी आहे पलीकडे, वायव्येच्या टोकाला. तिथल्या खेड्याचं नाव कामेनी होरा, म्हणजे जळकं गाव. टॅक्सी डोंगराच्या अंगाखांद्यावरून वळणं घेत जाते. दोन्ही बाजूंना दगडी बांधांच्या ताली, एकीवर एक, पार वरपर्यंत. त्यात ऑलिव्ह, बदाम, अंजीर. काही ताली कसलेल्या, पुष्कळशा पडीक; बांध फुटून दगड ओघळलेले. आमच्याकडे वरकस जमिनी ओस पडल्या तशाच. एका परसात द्राक्षाचा मांडव होता, पानं पिवळी पडत आलेली. तो पाहिल्यावर मला पॉसेनियसने लिहून ठेवलेली गोष्ट आठवली. दुसऱ्या शतकात हा गृहस्थ ग्रीसभर हिंडला आणि जे पाहिलं-ऐकलं ते टिपत गेला. मेथानाबद्दल तो सांगतो, की इथे नैर्ऋत्येचा वारा सुटला की द्राक्षवेलींचे कोवळे फुटवे करपतात. मग वारा वाहत असतानाच दोन माणसं पांढऱ्याशुभ्र पंखांचा एक कोंबडा घेतात, त्याचे मधोमध दोन भाग करतात, आणि एकेक अर्धुक घेऊन मळ्याभोवती उलटसुलट दिशांनी धावतात. जिथून निघाले तिथे पुन्हा भेटले की तिथेच तो पुरून टाकतात. वाऱ्याला बांध घातला. कोकणात राखणदाराला कोंबडा देतात, शिवेवर रक्त शिंपडतात, ते ज्याने पाहिलंय त्याला यात परकं काही वाटणार नाही. करपणारा कोंब डोळ्यांदेखत दिसतोय आणि हातात उपाय नाही, अशा माणसाची धाव आहे ती.

कामेनी होरापासून वर पायवाट जाते. वीसेक मिनिटांची चढण. सुरुवातीला पाइनची झाडं, मग खुरटं रान, आणि मग एकदम दगडच दगड. मला ज्वालामुखी म्हटल्यावर वाडग्यासारखं तोंड, आत राख, असं काहीतरी अपेक्षित होतं. इथे तसं काही नाही. घराएवढे, खोलीएवढे, गाडीएवढे तांबूस-करडे दगड एकमेकांवर रचून कुणीतरी अर्ध्यावर सोडून दिलेत, असा तो डोंगर. मधल्या भेगा इतक्या खोल की खाली वाकून पाहिलं तर अंधारच. एका भेगेतून गार हवा येत होती, माठाजवळ तोंड नेल्यासारखी. आणि त्या दगडांच्या फटीफटींतून, जिथे चिमूटभर माती साचलीय तिथे, गुलाबी सायक्लेमेन फुललेली. पान नाही की पानाचा पत्ता नाही, बोटभर देठ आणि वर मान मागे टाकलेलं फूल. आपल्या सड्यांवर पहिल्या पावसानंतर नुसत्या कातळातून फुलं वर येतात, त्यांची मला आठवण आली.

लेकीने एक तुकडा उचलून हातात दिला आणि गळ्यातलं भिंग माझ्या डोळ्याशी धरलं. “बघ.” फिकट राखाडी, किंचित लालसर पिठात पांढरे चौकोनी दाणे, साबुदाण्याएवढे. ऊन पडलं की त्यांची एखादी बाजू चकाकायची. मध्ये मध्ये काळ्या, चमकदार काड्या, तिळाहून बारीक. पांढरं ते फेल्डस्पार, काळं ते हॉर्नब्लेंड, ती म्हणाली. हा दगड अँडेसाइट, काही ठिकाणी डेसाइट. मी म्हटलं, “आपल्याकडचा काळा पत्थर असा नसतो. तो नुसता काळा.” ती म्हणाली, “आपला बेसॉल्ट. तो लाव्हा आमटीसारखा पातळ होता, आई. भेगांतून निघाला नि मैलोन् मैल पसरला. थर पडला, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. म्हणून घाटाच्या कड्याला पायऱ्या दिसतात. इथला लाव्हा झुणक्यासारखा. त्यात सिलिका जास्त, म्हणून घट्ट. तो पसरत नाही. तोंडाशीच गोळा होऊन फुगतो, वरची साय कडक होते, आतून रेटा आला की ती फुटते, आणि असे धोंडे होतात.” असे तीसेक फुगवटे या एवढ्याशा द्वीपकल्पावर आहेत. सगळ्यांत उंच शिखर सातशे मीटरच्या वर जातं, आणि त्याचं नाव हेलोना, म्हणजे कासव. ज्याने ठेवलं त्याने ते नीट पाहिलं होतं.

आग लागली कुठून, हेही तिने तिथेच एका धोंड्यावर बसून सांगितलं. दक्षिणेकडून आफ्रिकेचा भूपट्ट सावकाश उत्तरेला सरकतोय आणि एजियन समुद्राखाली तिरका बुडतोय. बुडताना त्याच्यात मुरलेलं पाणी दाबाने बाहेर निघतं, वरच्या तापलेल्या खडकात शिरतं, आणि पाण्यामुळे तो खडक एरवी वितळला नसता तिथे वितळायला लागतो. मग तो रस वर येतो. मेथाना, मिलोस, सँटोरिनी, निसिरोस अशी ज्वालामुखींची कमान समुद्रात उमटलीय, तिचं हे पश्चिमेचं टोक. 1987मध्ये मेथानाच्या वायव्येला समुद्राच्या तळाशी आणखी एक ज्वालामुखी सापडला. त्याला त्या पॉसेनियसचंच नाव दिलंय. म्हणजे इथली चूल विझलेली नाही, निखाऱ्यावर राख आहे. कोकणाची गोष्ट उलटी. आपला लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याची धग केव्हाच गेली. पालघरपासून राजापूरपर्यंत सह्याद्रीला समांतर उन्हाळ्यांची, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांची, जी रांग आहे, तिथे खाली ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, पृथ्वीच्या पोटातल्या उबेने तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. “म्हणजे वास एकच, पण कारणं वेगळी,” मी म्हटलं. ती म्हणाली, “हं. नाकाला मात्र एकच.”

तो तुकडा हातात घोळवताना मला घरचं जातं आठवलं. आजीच्या जात्याची गुळगुळीत झालेली तळी, आणि वर्षाकाठी ‘टाकी लावायची का टाकी’ असं ओरडत येणारी बाई. ओटीवर बसून छिन्नीने टुक टुक करत ती पाळूला पुन्हा खरवड आणायची. दुपारभर तो आवाज घरात भरून राहायचा, आणि पहिलं दळण गुरांना घालायचे, कारण त्यात कच येते. एजिनाच्या दगडाची जाती प्राचीन ग्रीकांच्या गलबतांतून दूरदूर जात, कारण या दगडात हे कठीण दाणे आहेत आणि तो झिजतानाही खरखरीत राहतो. तोच हा दगड, त्याच आगीचा. कुणा ग्रीक म्हातारीच्या हाताखाली तो फिरला असेल आणि बार्लीच्या पिठाला त्याचा वास लागला असेल. मी तो तुकडा होता तिथे, त्या सायक्लेमेनच्या शेजारी ठेवून दिला.

हा डोंगर उठला त्या वेळेचं वर्णन आहे, आणि त्याने मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं. पॉसेनियस म्हणतो, डेमेट्रियसचा मुलगा अँटिगोनस मॅसेडोनियाचा राजा असताना हे पाणी प्रकटलं. आधी पाणी आलंच नाही, जमिनीतून आग आली, आणि ती निवल्यावर मग झरा वाहू लागला. म्हणजे इ.स.पू. तिसरं शतक. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात दूरदेशीच्या ग्रीक राजांची नावं कोरली आहेत, त्यात एक ‘अंतिकिनी’ आहे. तो हाच, असं बहुतेक इतिहासकार मानतात. आणि त्याच ओळीतला ‘तुरमय’ म्हणजे ज्यांचं आरमार इथे तळ देऊन होतं त्या टॉलेमींपैकी. त्याच सम्राटाचे लेख आपल्या सोपाऱ्यालाही सापडले. सोपाऱ्याच्या बंदरात कुणी दगडावर धर्माची अक्षरं कोरत होतं, त्या शतकात इथे डोंगर फुगत होता. दोन्ही गोष्टी एका आयुष्यात घडलेल्या असू शकतात. कुठल्या तरी खलाशाने दोन्ही ऐकल्या असतील का, असं मनात येऊन गेलं.

आणि स्ट्रेबो, पॉसेनियसच्याही आधीचा ग्रीक भूगोलकार. त्याने लिहिलंय की मेथानाला अग्नीचा फुत्कार उठून डोंगर वर आला. दिवसा तिथे जवळ जाता येत नसे, इतकी धग आणि इतका गंधकाचा वास. पाच स्टेडियापर्यंत, म्हणजे जवळजवळ एक किलोमीटरपर्यंत, समुद्र उकळत होता आणि वीस स्टेडियापर्यंत गढूळ झाला होता. बुरुजांएवढे धोंडे रचले गेले. हे सगळं ठीक. पण मध्येच तो एक गोष्ट सांगतो: रात्री तो डोंगर दूरवर झळकायचा, आणि रात्री त्याला सुगंध यायचा.

रात्री सुगंध.

लेक म्हणाली, असल्या जुन्या वर्णनांत काहीही असतं, ऐकीव गोष्ट असेल. मला ते पटेना. जो माणूस दिवसाच्या दुर्गंधीबद्दल इतकं चोख सांगतो, तो रात्रीचं उगाच कशाला लिहील? त्या रात्री झोप येईना म्हणून मी बाल्कनीत जाऊन बसले. खाली रस्त्यावर शुकशुकाट, समोर काळं पाणी, लांबवर एजिनाचे दिवे. आणि थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की वास नाही. नाकाला सवय झाली म्हणून नाही, खरंच नव्हता. पाठीमागून, डोंगराकडून, हलका गार वारा समुद्राकडे चालला होता. त्यात पाइनच्या डिंकाचा वास होता, वाळलेल्या रानओव्याचा होता, कुठेतरी पेटवलेल्या चुलीच्या धुराचा होता. शाळेत भूगोलात शिकलो होतो: दिवसा समुद्रावरून जमिनीकडे येतात ते खारे वारे, रात्री जमिनीवरून समुद्राकडे जातात ते मतलई वारे. झरे आहेत किनाऱ्यावर. दिवसभर खारा वारा त्यांचा वास गावात लोटतो. रात्री मतलई वारा तोच वास उचलून समुद्रावर नेतो आणि डोंगरावरचं रान गावात आणतो. स्ट्रेबोच्या डोंगराच्या बाबतीत हेच झालं असेल असं मी म्हणत नाही. तापलेल्या डोंगरावर कसलं रान नि कसला ओवा. पण त्याच्या बाजूला, गंधकाच्या तडाख्यातून वाचलेली झुडपं धगीने सुकत असतील आणि रात्री वारा फिरला की त्यांचा वास खाली येत असेल, असं मला त्या बाल्कनीत अगदी मनापासून वाटलं. आमच्याकडेही हेच होतं! कार्तिकातल्या रात्री अंगणात बसलं की डोंगरावरून सातविणीचा घमघमाट उतरायचा, इतका की डोकं जड व्हायचं. कुंडांचा वास तेव्हा कुठे असायचा? खाडीकडे गेलेला असायचा. पण आत्तेची मुलं रात्री आठलाच दमून झोपायची. पाहुण्यांना आमचं गाव कायम दुपारचंच भेटलं.

तिसऱ्या दिवशी मी पाण्यात उतरले. स्नानगृहाच्या बाहेर, जिथे झऱ्याचं पाणी वाहत समुद्राला मिळतं, तिथल्या दगडावर बसून गुडघ्यापर्यंत पाय सोडले. कढत नाही, अंगाला सोसेल असं ऊबदार. तळाशी दगडांवर पांढुरका बुळबुळीत थर. बोटाने खरवडला तर सायीसारखा सुटतो. ओंजळ ओठांशी नेली तर खारट. इथल्या पाण्यात समुद्र मिसळलेला आहे. हे पाणी खारं आहे आणि अंग विसळायला जवळ गार पाणी नाही, शिवाय समुद्रात उडी मारावी तर त्यात शार्क, अशी तक्रार पॉसेनियसनेही लिहून ठेवलीय. माझ्या शेजारी दोन म्हाताऱ्या टोप्या घालून गप्पा मारत होत्या. एकीने गुडघ्यावर हात ठेवून मला खुणेने विचारलं, तुझे पण दुखतात? मी मान हलवली. तिने पाण्याकडे बोट करून दोन्ही हात जोडल्यासारखे केले. त्यात सॉरी नव्हतं.

पाय वर काढले तेव्हा माझी जोडवी काळी पडली होती. चांदीचं असंच होतं. गंधकाचा वायू लागला की तिच्यावर काळी पुटं चढतात. आजीची जोडवी मी आयुष्यात पांढरी पाहिली नाही. लहानपणी मला वाटायचं जोडवी काळ्याच धातूची असतात. घरी गेल्यावर बाईंनी माझे पाय पाहिले आणि त्या पुन्हा ओशाळल्या. ‘अय्योयो’सारखं काहीतरी म्हणाल्या, धावत आत गेल्या, वाटीत खायचा सोडा आणि जुना ब्रश घेऊन आल्या, आणि मी नको नको म्हणेपर्यंत माझ्या पायाशी बसल्यासुद्धा. माझ्याहून वयाने मोठी बाई. मी पाय मागे घेतला, त्यांचा हात धरला, त्यांना उठवून खुर्चीवर बसवलं. मला पुष्कळ सांगायचं होतं. लेक मध्ये बसून फोनवर शब्द शोधत होती, पण तेवढ्या शब्दांत ते मावणारं नव्हतं. शेवटी मी पाण्याच्या दिशेला बोट केलं, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला, आणि म्हटलं, “माय व्हिलेज. सेम.” त्यांना कळेना. मी नाकाकडे हात नेला, लांब श्वास घेतला आणि पुन्हा म्हटलं, “सेम. माय मदर्स हाउस.”

त्या बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी गळ्यातली साखळी बाहेर ओढली. तिला बोटाच्या पेराएवढा क्रूस होता. चांदीचा, आणि कोळशासारखा काळा. तो त्यांनी माझ्या जोडव्यांशेजारी धरला आणि काहीतरी म्हणाल्या. त्यातला मला फक्त एक शब्द कळला, व्रोमोलिम्नी. तो त्यांनी जुन्या मैत्रिणीचं नाव घ्यावं तसा घेतला.

निघायच्या दिवशी सकाळी बोटीची वाट पाहताना मी आईला फोन लावला. तिकडे साडेनऊ झाले होते, तिची पूजा आटोपली होती. आता ती नव्वदीला आली, कानाने कमी ऐकते, पण फोनवर मोठ्याने बोललं की सगळं कळतं. धक्क्यावरची माणसं माझ्याकडे वळून बघत होती आणि मी ओरडून सांगत होते, की इथे समुद्राच्या काठाला आपल्यासारखीच कुंडं आहेत, तोच वास, थेट तोच, आणि एक बाई आहेत, पाहुणा आला की पहिल्यांदा त्या वासाची माफी मागतात. आई गप्प राहिली. मला वाटलं फोन तुटला.

“का गो,” ती म्हणाली, “तिथे पण पाहुणे नाक धरतात?”

मी म्हटलं, “धरतात.”

“आणि तू?”

बोटीचा भोंगा वाजला. लेकीने माझ्या हातातली बॅग घेतली. दूध सांडल्यासारख्या त्या पाण्यावरून वारा गावाकडे यायला लागला होता.